वाचक विचारतात : भागीतलं बांधकाम

प्रश्न : मी आणि माझा आतेभाऊ देवगड तालुक्यात भागीत घरं बांधून देतो. लेखी करार नाही. पैसा सारखा घालतो, साइट तो बघतो. मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवार जातो. यंदा पावसाआधी स्लॅब उरकायला मी ३ लाख वर घातले. आता तो साइटचा पगार मागतो, मला ३ लाखांवर व्याज हवं. बरोबर कोणाचं?

उत्तर : तुम्ही काहीच ठरवलं नसलं तरी १९३२च्या भागीदारी कायद्याने ठरवून ठेवलंय. कलम १३ प्रमाणे नफा-तोटा निम्मा-निम्मा, कामाचा पगार कोणालाच नाही आणि ठरल्या भांडवलावर घातलेल्या रकमेला सालीना ६ टक्के व्याज. म्हणजे तुम्हाला वर्षाला १८,००० रुपये, आतेभावाला शून्य. पण एवढ्यात खूश होऊ नका. भागीदारांतला करार वागणुकीवरूनही निघतो. आधीच्या कामांत तो दरमहा काही उचलत असेल आणि तुम्ही हरकत घेतली नसेल, तर तोच करार म्हणून तुमच्यासमोर येईल. शिवाय भांडवल किती हेच ठरलं नसेल, तर ३ लाख वर घातले की भांडवलातच गेले, यावर वाद होणार.

आमचं मत विचाराल तर दिवसभर साइटवर उभा राहणाऱ्याला पगार हवाच. तो खर्चात धरा, मग उरलेला नफा वाटा. आकडा मात्र काम घेतानाच लिहून ठेवा.

खरं बिनसतं ते सामानावरून. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ११.८ घनमीटर काँक्रीट. १:१.५:३ च्या (सिमेंट:वाळू:खडी) मालाला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या धरल्या तर ९५ गोण्या, बीमच्या वेगळ्या. वहीत १२५ दिसल्या की आठवड्याने येणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. दरवेळी चोरीच असते असं नाही. फळ्या न घालता जमिनीवर रचलेल्या गोण्यांत दमट हवेने गाठी होतात. सेंट्रिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा आधार) खाली बसलं आणि स्लॅब सहा इंच झाला, तर तिथेच १८-१९ गोण्या जास्त जातात. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्यात उघड्या राहणाऱ्या कामाला आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) एम ३० हे जास्त ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलंय, तिथे हा हिशोब मुळातच तोकडा. म्हणून आलेल्या, वापरलेल्या, उरलेल्या गोण्या रोज संध्याकाळी वहीत लिहायच्या आणि त्या पानाचा फोटो तुम्हाला यायचा.

सेंट्रिंगचं भाडं दिवसावर असलं की टेकू लवकर काढायचा मोह होतो. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या स्लॅबचे) टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४; पीपीसीला (राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला) आणखी. हे भाडं आधीच धरलं तर घाई करायचं कारण राहत नाही.

उधारीचं तर आजच ठरवा. त्याने धंद्यासाठी उधार आणलेल्या सळयांचे पूर्ण पैसे दुकानदार तुमच्याकडेही मागू शकतो. फर्मची नोंदणीही करा. घरमालकाने बिल थकवलं तर बिननोंदणीच्या फर्मला करारावरून दावा लावता येत नाही (कलम ६९).

प्रश्न : गुहागरला घराच्या पायाचा ठेका एकरकमी दिला होता. कातळ लागला म्हणून ठेकेदार ५० हजार वर मागतो. द्यावेत का?

उत्तर : कोकणात कातळ लागला यात नवल ते काय? ठेकेदाराने तो धरायलाच हवा होता. ‘कसलीही जमीन लागली तरी खोदाई याच रकमेत’ असं लिहिलं असेल, तर देणं लागत नाही. कागदावर काहीच नसेल, तर माप मागा : चराची लांबी, रुंदी आणि मातीखाली नुसत्या कातळाची खोली, टेपसकट फोटोत. तेवढ्याचाच जादा दर द्या. चर भरून झाला असेल, तर ब्रेकरच्या तासांची पावती बघा. बाहेर पडलेल्या ढिगाचे ब्रास (१०० घनफूट) मोजून बिल करू देऊ नका. फोडलेला कातळ ढिगात फुगतो, आणि पैसे जातात ते मधल्या पोकळीचे.