प्रश्न तुमचे : गवताचा पूल बघायला एक दिवस काढावा का?

प्रश्न : ताई, आम्ही जूनमध्ये पेरूला चाललोय, मी, नवरा आणि माझी आई, आईचं वय ६४. माचू पिचू झाल्यावर कुस्कोत एक दिवस मोकळा मिळतोय. नवऱ्याला रेनबो माउंटन करायचाय आणि मला तो इंका लोकांचा हाताने विणलेला पूल बघायचाय. एका दिवसात होतं का? आईला झेपेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होतं, आणि मला विचाराल तर पूलच करा. रेनबो माउंटन ५००० मीटरच्या वर आहे, तिथे चढून जाताना तरण्याताठ्या लोकांनाही धाप लागते, आईंना कशाला तो त्रास. पूल साधारण ३७०० मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोपेक्षा फार उंच नाही, तोपर्यंत तुम्ही दोन-चार दिवस त्या उंचीवर राहिलेल्याच असाल त्यामुळे अंगाला सवय झालेली असेल. तरी आईंना बीपी वगैरे असेल तर निघायच्या आधी इथल्या डॉक्टरांना नक्की विचारा, उंचीवरची गोळी स्वतःच्या मनाने नको.

पुलाचं नाव केस्वाचाका. कुस्कोच्या दक्षिणेला कानास प्रांतात केवे नावाचं गाव आहे, तिथे अपुरिमाक नदीच्या घळीवर हा पूल आहे. एका बाजूने गाडीला साडेतीन-चार तास धरा, म्हणून पहाटे निघायचं आणि रात्री परत. रस्ता कंटाळवाणा नाहीये पण, पुनोकडे जाणाऱ्या हायवेने कोंबापातापर्यंत जायचं आणि मग आत वळायचं, त्या भागात पोमाकांची, आकोपिया वगैरे चार तळी आहेत आणि तुंगासुका गाव आहे, जिथून १७८० मध्ये इंका राजघराण्याचा वंशज म्हणवणाऱ्या दुसऱ्या तुपाक अमारूने स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड उभारलं. पुढच्या वर्षी त्याला कुस्कोच्या चौकात ठार मारलं. ड्रायव्हरला सांगून तुंगासुकाला दहा मिनिटं थांबाच.

आता मुख्य गोष्ट, तुम्ही जूनमध्ये जाताय हे तुमचं नशीब. हा पूल दरवर्षी जूनमध्ये नवा बांधतात. विंचिरी, चाउपीबांदा, चोकायवा आणि कोयाना केवे अशा चार वस्त्यांचे लोक एकत्र येतात, तीन दिवस काम आणि चौथ्या दिवशी नाचगाणी, जेवण. साधारण महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात असतं पण तारखा कुस्कोत पोचल्यावर पक्क्या करून घ्या, आणि जमलं तर मोकळा दिवस पुढेमागे सरकवून कामाच्या दिवशीच जा, चौथ्या दिवशी नको. चौथ्या दिवशी तयार पूल आणि गर्दी दिसते, पण खरं बघण्यासारखं आहे ते काम.

काम कसं चालतं सांगते. डोंगरावरचं चिवट गवत कापतात, दगडावर ठेचून पाण्यात भिजवून मऊ करतात आणि बायका, म्हाताऱ्या, मुली सगळ्या दोन्ही तळव्यांमध्ये वळून त्याच्या बारीक दोऱ्या करतात. प्रत्येक घराने ठरलेल्या मापाची दोरी आणून द्यायची. पहिल्या दिवशी पाचामामाची म्हणजे धरतीमातेची पूजा होते, मग पुरुष त्या दोऱ्या लांबच्या लांब पसरून एकत्र पिळतात आणि शेवटी तीन जाड दोरांची वेणी घालून मुख्य दोरखंड तयार होतो. असे सहा, चार पायाखाली, दोन हाताला. जुना पूल अजून लटकत असतो त्याच्याच आधाराने नवे दोरखंड पलीकडे नेतात, नंतर जुना तोडून सरळ नदीत सोडून देतात, गवतच ते, कुजून जातं. मग दोन्ही काठांवरून जाणते विणकर, त्यांना चाकारुवाक म्हणतात, दोरखंडांवर बसून बाजूच्या जाळ्या विणत विणत मध्यभागी येऊन भेटतात, खाली नदी, कमरेला काही बांधलेलं नाही. कोकणात गावकीने मिळून साकव घालायचे तसंच आहे हे, फक्त इथे दर वर्षी आणि शेकडो वर्षं न चुकता.

न चुकता म्हटलं पण एकदा चुकलं होतं. २०२० मध्ये कोरोनामुळे पूल बांधता आला नाही आणि मार्च २०२१ मध्ये तो तुटून पडला. जूनमध्ये त्याच चार वस्त्यांनी पुन्हा उभा केला. शेजारी गाड्यांसाठी लोखंडी पूल आहे हो, पलीकडे जायला आता गवताच्या पुलाची कुणालाच गरज नाही, तरी बांधतात, आणि मला याचंच सगळ्यात अप्रूप वाटतं. युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारसा म्हणून जे नोंदवलं तेही पूल नव्हे, तर दरवर्षी तो नव्याने बांधायची ही रीत.

एक महत्त्वाचं, विणकाम चालू असताना बायकांनी पुलाजवळ जायचं नाही अशी तिथली समजूत आहे. तुम्हाला पटो न पटो, त्यांचं काम आहे, त्यांचा मान ठेवा, वरच्या उतारावरून सगळं छान दिसतं. पूल पुरा झाला की सगळ्यांनाच जाता येतं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर डबा न्या. वाटेत उकडलेला मका, बटाटे, चीज, किनोआचं सूप मिळू शकतं पण सणाच्या जेवणात मांस असतं. दशम्या, खाकरे बरोबर ठेवा. थंडी चांगलीच असते, दुपारी ऊन भाजतं, म्हणून टोपी आणि स्वेटर दोन्ही. सुट्टे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा, कार्डावर अवलंबून राहू नका. कोकाची पानं तिथे चहात घ्यायला हरकत नाही पण परत येताना बॅगेत एकही नको, भारतात ती बेकायदा आहेत.

प्रश्न : गवताच्या दोरीवर माणसं चालतात हे पटतच नाही. पाय ठेवायला सेफ आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एका काडीवर भार येतच नाही ना, हजारो काड्या पिळून एक दोरखंड होतो, पीळ बसला की काड्या एकमेकींना घट्ट धरतात आणि भार सगळ्यांत वाटला जातो. शिवाय पूल मध्ये खाली झुकलेला असतो तो मुद्दाम, ताठ ओढला असता तर दोरखंडांवर ताण फार वाढला असता. साधारण २८ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद आहे. हलतो, चांगलाच हलतो. थोडेथोडे लोक सोडतात, गावकरी सांगतील तसंच जा, मध्ये थांबून उड्या मारत रील काढू नका. दोन्ही हात मोकळे ठेवा. उंचीची भीती वाटत असेल तर काठावरूनच बघा, त्यात काही कमी होत नाही.

प्रश्न : आम्हाला दिवाळीच्या सुट्टीतच जमतं. तेव्हा गेलो तर काही अर्थ आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, जा. पूल तोवर चार-पाच महिन्यांचा झालेला असतो, गवताचा रंग उतरलेला, पण चालण्याजोगा असतो. पावसाचे दिवस तिकडे साधारण डिसेंबर ते मार्च, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीपेक्षा दिवाळीची सुट्टी कितीतरी बरी. गर्दीही जवळपास नसते. फक्त विणताना बघायला मिळणार नाही, म्हणून गाडी ठरवताना केवे भागातलाच गाइड मिळतो का विचारा. ज्याने स्वतः दोरी वळलीय तो माणूस काठावर बसून गवत हातात घेऊन तुम्हाला जे दाखवेल ते कुस्कोतल्या कुठल्याही टूरवाल्याला जमायचं नाही.