एक्झिक्युटिव्ह एमबीए: यंदा अर्ज करावा की थांबावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३३, हिंजवडीत आयटीत ९ वर्षं, हाताखाली १४ जणांची टीम, घरी दोन वर्षांची मुलगी, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, वहिनींचीही नोकरी. एप्रिलमध्ये बढती हुकली. आता एक्झिक्युटिव्ह एमबीएला, म्हणजे अनुभवी नोकरदारांसाठीच्या व्यवस्थापनाच्या कोर्सला, यंदाच अर्ज करावा की दोन वर्षं थांबावं, आणि नोकरी सोडून एक वर्षाचा कोर्स घ्यावा की शनिवार-रविवारचा, हे ठरत नाहीये.

माझं मत आधीच सांगतो. यंदा अर्ज करू नका. तयारी मात्र याच महिन्यात सुरू करा.

बढतीचं तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत, म्हणून हे सांगावंसं वाटलं. मी ३१ व्या वर्षी अशाच रागात अर्ज केला होता. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो. माझ्या मागून आलेल्याला मॅनेजर केलं आणि त्याच आठवड्यात मी फॉर्म भरला. मुलाखतीपर्यंत पोचलोही. समोर तिघं होते. त्यातल्या एका बाईंनी अर्जासोबतचा माझा निबंध बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या हाताखालच्या कुणी तुम्हाला न विचारता घेतलेला एखादा चांगला निर्णय सांगा." मला एकही आठवेना. मी पुन्हा 'मी हे केलं, मी ते केलं' सुरू केलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही मिटली. नकार आला तेव्हा अन्याय वाटला होता. आज वाटतं, त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. अशा वर्गात निम्मं शिक्षण शेजारी बसलेल्याकडून मिळतं, आणि शेजाऱ्याला देण्यासारखं माझ्याकडे तेव्हा काहीच नव्हतं.

पुन्हा अर्ज केला तो ३६ व्या वर्षी. मधल्या काळात कारखान्यातली उत्पादनाची एक अख्खी लाइन सांभाळली, पगारवाढीच्या करारासाठी युनियनसमोर बसलो, बुडीत निघालेल्या एका पुरवठादाराचं काम तीन आठवड्यांत दुसरीकडे हलवलं. या वेळी निबंध लिहायला दोन संध्याकाळी पुरल्या.

म्हणून 'कधी'चं माझं उत्तर वयात नाही. पैसा आणि माणसं, दोन्हींबद्दलचे काही निर्णय तुमच्या नावावर जमा झाले की अर्ज करा. १४ जणांची टीम आहे म्हणता, पण त्यांना घेतलं कुणी? त्यांचं अप्रेझल तुम्ही लिहिता का? प्रोजेक्टचं बजेट हातात आहे का? नसेल तर पुढच्या वर्षभरात साहेबांकडून यातली एक तरी जबाबदारी मागून घ्या.

पण फार लांबवूही नका, विशेषतः नोकरी सोडून करायचा विचार असेल तर. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगलोरचा ईपीजीपी, कलकत्त्याचा एमबीएईएक्स (आधीचा पीजीपीईएक्स) हे एक वर्षाचे निवासी कोर्स नोकरी बदलणाऱ्यांसाठी आहेत, आणि प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्या अनुभवाबरोबर वयही बघतात. तुम्हाला ३५-३६ पर्यंत वाव आहे. चाळिशीच्या तोंडावर तोच कोर्स बराच अवघड जातो. शनिवार-रविवारच्या कोर्सला ही घाई नसते, कारण तिथे बहुतेक ठिकाणी कॅम्पस प्लेसमेंट नसतंच. लोक प्लेसमेंट मिळेलच असं गृहीत धरून चालतात आणि शेवटच्या सत्रात नाराज होतात, म्हणून प्रवेशाआधीच स्पष्ट विचारा.

आता 'कुठे'. क्षेत्र किंवा शहर बदलायचं असेल तरच एक वर्षाचा निवासी कोर्स घ्या. फी तीस लाखांच्या वर जाते आणि वर्षभराचा पगार बुडतो तो वेगळा. हप्ता वहिनींच्या एकट्या पगारात निघेल का, हे दोघांनी कागदावर मांडून बघा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नवी घेतली असेल तर ती हिशोबात धरू नका.

त्याच कंपनीत, त्याच क्षेत्रात वर जायचं असेल तर नोकरी सांभाळून करा. आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपी प्रो एक आठवडा सोडून शनिवार-रविवारी असतो, मुंबईतही वर्ग भरतात. अंधेरीच्या एसपी जैन या व्यवस्थापन संस्थेत नोकरदारांसाठी सलग काही दिवस राहून शिकायचं आणि परत कामावर जायचं अशी पद्धत आहे. पुण्याच्या माणसाला ती मला जास्त सोयीची वाटते. चर्चगेटच्या जमनालाल बजाजचे तीन वर्षांचे अर्धवेळ कोर्स उत्तम, पण मुंबईत राहणाऱ्यांसाठी.

मी मुंबईत शनिवार-रविवारचा कोर्स केला. शनिवारी पहाटे सिंहगड एक्स्प्रेस पकडायची. कर्जत येईपर्यंत केस (वर्गात चर्चेला असलेला कंपनीचा प्रसंग) वाचून संपवायची, कारण कल्याणनंतर गर्दीत वही उघडता येत नसे. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. मी बूट घालत असताना तो माझा डबा घेऊन दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "आज परत शाळा?" अशी दोन वर्षं. बायकोने ती पेलली म्हणून जमलं. तुमची मुलगी पुढच्या वर्षी नर्सरीत जाईल, दोन वर्षांनी बरीच स्वावलंबी होईल. थांबा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

आयआयएमच्या नावाचा तीन लाखांचा ऑनलाइन कोर्स तुम्ही विचारलात. विषय शिकायला चांगला असू शकतो, पण ते प्रमाणपत्र आहे, पदवी नव्हे. आयआयएम कायदा २०१८ च्या जानेवारीत लागू झाल्यापासून या संस्था स्वतः पदवी देऊ शकतात, म्हणून माहितीपत्रकात 'पदवी' हा शब्द आहे का ते शोधा. माजी विद्यार्थी म्हणून पूर्ण दर्जा मिळतो का, हेही लेखी विचारा. वर्षापेक्षा छोट्या कोर्सवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो फीत धरलाय की वरून, तेही बघा.

जीमॅट ही प्रवेशपरीक्षा आत्ताच द्या. गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे थांबण्यात काही वाया जात नाही. आता परीक्षा सव्वादोन तासांची आहे, ४५ मिनिटांचे तीन भाग. मोजपट्टी २०५ ते ८०५ झालीय, तेव्हा "सातशे हवेत" हा जुना सल्ला तसाच धरू नका. जुने ७०० म्हणजे नवे साधारण ६४५. रोज पहाटे दीड तास धरला तर चार-पाच महिने लागतील. आयआयएमचे एक वर्षाचे वर्ग एप्रिलच्या सुमारास सुरू होतात आणि अर्ज आदल्या वर्षाच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने घेतात. पहिल्या टप्प्यातच अर्ज जाईल असं बघा, शिष्यवृत्तीसाठीही ते बरं.

शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचं ते आजच ठरवून ठेवा. मोठ्या हुद्द्याच्या माणसापेक्षा तुमचं काम रोज बघणारा हवा. आणि कंपनी फी भरायला तयार झाली तर किती वर्षांचा बाँड आहे, मध्येच सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागते, हे सही करण्याआधी वाचा. माझ्या बॅचमधल्या एकाने ते वाचलं नाही, आणि नोकरी बदलताना अख्खी फी त्याला खिशातून भरावी लागली.

दोन वर्षांत तुमच्या नावावर काय काय जमलं ते मला कळवा. निबंधाचा पहिला खर्डा मी आनंदाने वाचेन.