भरतीची वेळ आधी बघ

अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला वेंटवर्थ-कूलिज हवेलीचं चित्र काढायला निघालायस, तर आधी भरतीची वेळ बघ. हवेलीसमोरच्या लिटल हार्बर या खाडीत पाणी साधारण अडीच मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला समोर बराचसा चिखलच. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको म्हणा!

घर मात्र सरळसोट समजू नकोस. वेगवेगळे भाग जोडत ते चाळीसएक खोल्यांचं झालंय, त्यामुळे छपरांच्या उंच्या जुळत नाहीत. त्या तशाच येऊ देत, नीटनेटक्या करायला गेलास की चित्र फसलं. १७४१पासून पाव शतक न्यू हॅम्पशरचा गव्हर्नर असलेला बेनिंग वेंटवर्थ इथेच कौन्सिल, म्हणजे आपल्या सल्लागार मंडळाच्या बैठका, भरवायचा. उन्हाळ्यात गाईडबरोबर आत जाऊन त्या दालनातलं शेकोटीभोवतीचं कोरीवकाम जरूर बघ. लायलॅक फुललेले हवे असतील तर मेअखेर जा.