शिजलेली भाजी: ग्रॅमवरून वाटीवर

ताई, डबे सुरू करताय तर आधी घरातली वाटी मोजून घ्या. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. आमच्या इंदूरच्या घरात तीन वाट्या निघाल्या, तिन्ही वेगळ्या. सासूबाईंनी राजवाड्याजवळून आणलेली सगळ्यात लबाड, नुसती दिसायला मोठी.

मापाचा कप 240 मिलीचा. तुमची वाटी जितक्या मिलीची, त्या प्रमाणात पुढचे आकडे कमी-जास्त करा. त्यात शिजवून निथळलेला पालक साधारण 180 ग्रॅम बसतो, मटार 160, फ्लॉवर मात्र जेमतेम 125, कारण तुऱ्यांमध्ये पोकळी राहते. कच्चा चिरलेला पालक तर त्याच कपात फक्त 30 ग्रॅम! म्हणून कृतीत कच्चा म्हटलाय की शिजलेला, ते आधी बघा. मी एकदा न बघता वीस डब्यांचा पालक आणला. बारा डब्यांतच पातेलं रिकामं.

रस्साभाजीला हे आकडे लावू नका. रश्शासकट एक वाटी भरून वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. भुट्ट्याच्या किसाचंही, म्हणजे दुधात शिजवलेल्या किसलेल्या मक्याचंही, तसंच. दूध आटेल तसं वजन उतरतं, गार झाला की घट्ट बसतो. मी तो कोमट असतानाच मोजते.