कॅन्सर रेमिशनमध्ये आहे म्हणून माजी सैनिकाची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, आता काही करता येईल का?

तुमचे वडील 2006 साली लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतच लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, झाला होता, आणि मेडिकल बोर्डाने ‘रेमिशनमध्ये, सेवेशी संबंध नाही’ असं लिहून पेन्शन नाकारली. इतक्या वर्षांनी काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. प्रयत्न जरूर करा. मी त्याच आजारातून उठलेला माजी सैनिक आहे.

रेमिशन म्हणजे आजार तपासणीत दिसत नाही, एवढंच. उपचारांनी शरीराचं काय झालं, तो हिशेब वेगळा. माझ्या बोर्डात डॉक्टरसाहेबांनी विचारलं, “अब कैसे हो?” मी ताठ उभा राहून म्हणालो, “ठीक हूँ, साब.” अंगवळणी पडलेलं उत्तर! केमोनंतर बोटांच्या मुंग्या गेल्या नव्हत्या. त्या सकाळी वर्दीची बटणं शेजारच्या खाटेवरच्या जवानाने लावून दिली होती. कागदावर मात्र ‘तक्रार नाही’ आणि अपंगत्वाची टक्केवारी वीसच्या खाली. वीसच्या खाली पेन्शन मिळत नाही. वीस मिळाले असते तर 50 धरले गेले असते, कारण मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो फायदा सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या राम अवतार निकालाने दिलाय. म्हणून वडिलांना शेजारी बसवून विचारा: हातपाय बधिर होतात का, जिना चढताना दम लागतो का? असेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

खरी लढाई ‘सेवेशी संबंध’ या रकान्याची. लष्करी डिसॅबिलिटी पेन्शनच्या 1982 च्या नियमांच्या परिशिष्टात कॅन्सर ‘सेवेचा सहसा परिणाम होत नाही’ अशा आजारांत घातलाय, आणि बोर्ड त्यावरच बोट ठेवतं. पण सहसा म्हणजे कधीच नाही असं नव्हे. धर्मवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं मानायचं. तसं नसल्याचं सिद्ध करणं सरकारचं काम, आणि बोर्डाने कारण लिहिलंच पाहिजे. नुसतं ‘संबंध नाही’ हे कारण होत नाही.

आधी रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाची प्रत, म्हणजे एएफएमएसएफ-16, आणि उपचारांचे कागद मागवा. दिले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज टाका. मग अपील, आणि तिथे नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. उशिरा गेलेल्यांना थकबाकी बहुतेक वेळा मागच्या तीनच वर्षांची मिळते, त्यामुळे आणखी थांबू नका. अर्जाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते.

एक काम मात्र आजच करा. वडिलांनी गाठ पहिल्यांदा कोणत्या पोस्टवर दाखवली आणि तिथून मोठ्या हॉस्पिटलात पाठवायला किती महिने गेले, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. ड्युटीपायी निदान लांबलं असेल, तर सेवेमुळे आजार बळावला असं म्हणायला तीच जागा आहे. आमच्या वयात पोस्टचं नाव आठवतं, महिना विसरतो.