कौलावरचे साल आणि भोगवटादाराचा रकाना

प्रश्न : माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. तिथले चिऱ्याचे जुने घर विकायचे ठरते आहे. घर शाकारताना एका कौलावर इंग्रजी अक्षरांत ‘बासेल मिशन’ आणि १८६५ असे उठवलेले दिसले. घर तेव्हाचेच का? आजोबांच्या आधी तिथे कोण राहत होते, हे विकण्यापूर्वी कळावे असे फार वाटते. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : कौल जपून ठेवा, पण त्यावरचे साल घराचे समजू नका. १८६५ हे बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल. नंतरच्या कौलांवरही तेच उठत राहिले. शिवाय पुष्कळ घरांवर आधी नळ्याची कौले होती, मंगलोरी मागाहून चढली. वाशांवर रिपांच्या आताच्या जागा सोडून खिळ्यांची जुनी भोके दिसली, तर छप्पर एकदा तरी बदलले आहे.

आता कागद. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून सिटी सर्वे नंबरावरून मिळकत पत्रिका काढा. ‘हक्काचा मूळ धारक’ तिथे मिळेल. पण तेवढ्यावर परत फिरू नका, त्याच नंबराची चौकशी नोंदवही मागा. मोजणीच्या वेळी कोणी काय सांगितले, कोणता कागद दाखवला, ते तिच्यात असते. जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचे, हा कोकणातला नेहमीचा प्रकारही तिथेच उघडा पडतो.

मी अठ्ठावीस वर्षे अशाच एका अभिलेख कक्षात काढली. येणारा प्रत्येक जण मालकाचे नाव विचारी. राहिले कोण, हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून तुमचे पत्र वाचून बरे वाटले. त्याचे उत्तर नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या जुन्या आकारणी वह्यांत आहे. मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो. मालक मुंबईला, घरात बिऱ्हाडकरू, अशी आपल्याकडची कितीतरी घरे. रत्नागिरीत मी राहते त्या घराच्या १९३०च्या सुमाराच्या नोंदीत भोगवटादार म्हणून एका विधवेचे नाव आहे आणि पुढे शेरा आहे, ‘खानावळ’. स्वयंपाकघरात एवढी लांब चूल कशाला, पडवीच्या भिंतीत ओळीने आठ कोनाडे कशाला, हे मला वीस वर्षे कळले नव्हते. कोर्टाच्या तारखेला गावोगावचे पक्षकार येत, ते तिच्याकडे जेवत, असे मग शेजारच्या आजींनी सांगितले. त्या संध्याकाळी मी त्या चुलीपुढे बराच वेळ बसून राहिले. त्या बाईंच्या नावावर कधी काही नव्हते, मिळकत पत्रिकेत त्या कुठेच नाहीत.

तुमच्या घराबाबतीत आणखी एक शक्यता मनात धरा. घाटावरचा माल आंबोली घाटाने बैलगाड्यांतून वेंगुर्ल्याच्या बंदरात येई, तेव्हा बंदराकडची काही घरे आधी वखारीच होत्या. पुढची खोली अवाजवी मोठी, दार रुंद आणि माजघर मागून जोडल्यासारखे असेल, तर वहीत ‘वखार’ हा शब्द शोधा.

खरेदीखतासाठी दुय्यम निबंधकाकडे जा. नाव ठाऊक असेल तर सूची १, मिळकत ठाऊक असेल तर सूची २. तुमचे खत सापडलेच नाही, तर शेजाऱ्यांचे बघा. जुन्या खतांत चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना कोणाची मिळकत आहे ते, लिहीत. तुमचे घर शेजाऱ्याच्या पूर्वेला असेल, तर त्याच्या खतात ‘पूर्वेस’ जे नाव आहे, तो तुमच्या घराचा त्या वेळचा धनी. हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो आणि तोच कोणी वापरत नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला. त्याआधीचे जिल्हा पातळीवरचे कागद रत्नागिरीतही विचारा. मोडीतला कागद निघाला तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराकडे न्या. आणि विक्रीची बोलणी पुढे जाण्याआधी गावातल्या सर्वांत वयस्क शेजारणीकडे एक दुपार काढा. मालवणात मी एका आजींना घराचे विचारले, तर म्हणाल्या, “ह्यां घर आमचां न्हय गो, आमी नुसते रवतंव.” साठ वर्षे राहत होत्या. त्यांना आधीची दोन बिऱ्हाडे नावानिशी आठवत होती.

प्रश्न : आमच्या दाराच्या चौकटीवर ‘शके १८१२ माघ’ कोरले आहे. इसवी सन कोणता?
— एक वाचक, मालवण

उत्तर : शकात ७८ मिळवतात, पण माघ येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून इथे ७९ मिळवा : १८९१. चौकट याच घराची आहे ना, तेवढे बघा. जुन्या घराचे लाकूड उतरवून नव्याला लावत. आतल्या दारांची चौकट त्याच लाकडाची आणि त्याच हातची दिसते का?