कालच्या सोबत्यांवर सुपरवायझर व्हायचं तर

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला मुद्दा आधी थोडक्यात मांडते. हे गृहस्थ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांची मुलगी २७ वर्षांची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनच्या, म्हणजे तयार मालाच्या शेवटच्या तपासणीच्या लाईनवर ती पाच वर्षं काम करते आहे, त्यातली शेवटची दोन पर्मनंट म्हणून. लाईनचे सुपरवायझर नव्या प्लांटला चालले आहेत आणि कंपनीला ती जागा आतल्याच माणसांतून भरायची आहे. मुलीला अर्ज करायचा आहे. पण त्याच जागेवर तिच्याहून दहा वर्षांनी ज्येष्ठ असलेल्या एका सहकाऱ्याचाही डोळा आहे, आणि मुलगी ट्रेनी म्हणून आली तेव्हा गेज (माप तपासायचं साधन) कसं धरायचं हे तिला त्यांनीच शिकवलं. शिवाय तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण याच लाईनवर आहे. वडील लिहितात, "आमच्या डेपोत कंडक्टरचा कंट्रोलर झाला की दुसऱ्या दिवसापासून त्याचा चहा वेगळा. पोरीचं तसं व्हायला नको. पगार वाढतोय म्हणून हो म्हणावं, की आहे तिथे सुखात राहू द्यावं?"

तिने अर्ज करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातला "पगार वाढतोय" हा भाग तपासून घेऊ, कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तो वाढत नाही.

आत्ता तिचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, २०,४०० आहे आणि महिन्याला साधारण २५ तास ओटी (ओव्हरटाईम) होतो. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर तासाला ९८ रुपये पडतात. कायद्याप्रमाणे ओटी दुप्पट दराने, म्हणजे तासाला १९६. २५ तासांचे ४,९०० झाले. म्हणजे आजच तिला महिन्याला २५,३०० च्या आसपास मिळतात. नव्या जागेचा पगार तोंडी २४,५०० सांगितला आहे. सुपरवायझर स्टाफमध्ये मोडतो आणि बहुतेक कंपन्या स्टाफला ओटी देत नाहीत. शिफ्ट संपल्यावर पुढच्या शिफ्टला काम सोपवायला थांबावं लागेल ते वेगळंच. बढतीनंतर पहिल्याच महिन्यात हातात कमी पैसे आले म्हणून खट्टू झालेली मुलंमुली माझ्याकडे येतात, आणि तोवर पत्रावर सही झालेली असते. पगाराचं बोलणं सहीच्या आधी करायचं. ग्रॉसमध्ये ओटीची भरपाई मागणं यात काहीही गैर नाही.

दुसरी गोष्ट ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विमा योजनेची. तुमच्या पत्नीचे डायबेटिसचे उपचार मुलीच्या ईएसआय कार्डावर चालू आहेत, असं तुम्ही लिहिलं आहे. ईएसआयची पगाराची मर्यादा सध्या महिना २१,००० आहे आणि ती मोजताना ओटी धरत नाहीत. म्हणूनच ओटी धरून २५,००० च्या वर मिळत असूनही ती आज त्या योजनेत आहे. २४,५०० ग्रॉस झाला की ती बाहेर पडणार. लगेच नाही. ईएसआयचं वर्ष एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाहींत चालतं, आणि मधेच पगार वाढला तर चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. त्यानंतर उपचार नेमके कधीपर्यंत मिळतील हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात कार्ड दाखवून विचारून घ्या. मुलीने एचआरला विचारायचं ते एवढंच, की स्टाफच्या मेडिक्लेममध्ये आईवडील येतात का, आणि आधीपासून असलेला आजार त्यात धरतात का. उत्तर नाही असेल, तर औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च पगाराच्या बोलण्यात धरायलाच हवा.

युनियनबद्दल तुम्ही विचारलं आहे. स्टाफमध्ये गेल्यावर वर्कमन म्हणून असलेलं सभासदत्व सहसा सुटतं आणि पुढच्या वेतनकराराचा लाभही मिळत नाही. तुमच्या पत्रावरून करार याच वर्षी होणार असं दिसतं. तो मागच्या तारखेपासून लागू झाला, तर बढतीच्या आधीच्या महिन्यांचा फरक तिला मिळणार का, हे एचआरकडून लेखी घ्यावं. कायद्याचं संरक्षणही बदलतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार १०,००० च्या वर गेला की तो कामगार धरला जात नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा १८,००० आहे. मुलगी दोन्हीकडे वरच जाते. याचा अर्थ असा, की उद्या वाद झालाच तर तिचा मुख्य आधार तिचं नियुक्तिपत्र असेल. त्यातला नोटीस पीरियड, प्रोबेशन आणि काम जमलं नाही तर जुन्या जागेवर परत जाता येतं का, ही तीन कलमं तिने तुमच्यासोबत बसून वाचावीत. तुम्ही इतकी वर्षं महामंडळाची परिपत्रकं वाचली आहेत. या कामात तिला तुमचा उपयोग होईल.

हे सगळं पाहूनही मी अर्ज करा म्हणते, कारण या जागेवर ती जे शिकेल ते लाईनवर उभं राहून शिकता येणार नाही, आणि दुसऱ्या कंपनीत जाताना "सुपरवायझर म्हणून अनुभव" ही ओळ डिप्लोमाइतकीच कामाला येते.

आता चहा वेगळा होण्याबद्दल. हा भाग तिलाच वाचायला द्या, मी तिच्याशीच बोलते.

बेटा, सोबत्यांमध्ये दुरावा येतो तो पद मिळाल्यामुळे, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. लाईनवर सगळ्यांना हव्या असलेल्या चार-पाच गोष्टी असतात: ओटी, सणाची सुट्टी, पहिली शिफ्ट, बसून करायचं काम, लवकर जायचा गेट पास. आजवर त्या दुसरं कोणी वाटत होतं आणि तुम्ही सगळ्या मिळून त्याच्यावर चिडत होता. आता वाटणारी तू असशील. नातं टिकणार की तुटणार हे या वाटपावर ठरतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच ओटीचं आणि सुट्ट्यांचं रजिस्टर सगळ्यांना दिसेल असं लाव. कोणाला मागच्या महिन्यात किती तास मिळाले हे भिंतीवर असलं, की कुजबुज निम्मी थांबते. गणपतीला आणि दिवाळीला कोण घरी जाणार हे महिनाभर आधी ठरव, आणि गेल्या वर्षी जो थांबला त्याला यंदा आधी विचार. खोलीतल्या मैत्रिणीला तिच्या पाळीपेक्षा जास्त देऊ नकोस. आणि निःपक्षपाती दिसावं म्हणून तिला कमीही देऊ नकोस. ही दुसरी चूक नव्या सुपरवायझरकडून फार होते, आणि जवळच्या माणसाला ती जास्त लागते.

खोली बदलायची गरज नाही. लाईनवरच्या इतर कोणाबद्दल खोलीत बोलायचं नाही, एवढं मात्र दोघींनी अर्ज करण्याआधीच ठरवा. तुमचा लाईनचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यातून तू स्वतःहून बाहेर पड आणि तसं सांगून पड. त्यांना सुपरवायझरबद्दल बोलायला जागा लागणारच. कामाच्या निरोपांसाठी वेगळा ग्रुप काढ.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. पाच वर्षांत तुला सगळ्यांचं सगळं माहीत झालं आहे. कोण पीस न मोजताच शीट भरतं, कोण रिवर्कचा (दुरुस्त करायला हवा असलेला) माल थेट ओके ट्रेमध्ये सरकवतं, कोणाच्या घरी काय अडचण आहे. हे तुला मैत्रीण म्हणून कळलं आहे. सुपरवायझर झाल्यावर ते वरच्यांना सांगितलंस तर विश्वास कायमचा गेला. आणि न पाहिल्यासारखं केलंस, तर कस्टमरकडून माल परत येईल तेव्हा सही तुझी असेल. पहिल्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून स्वच्छ सांग: आजवरचं मी उकरणार नाही, आजपासून जे पीस मोजायचे ते मोजायचेच. आणि लगेच पुढचं काम कर. एक शिफ्टभर स्वतः घड्याळ लावून बस आणि एक पीस नीट मोजायला किती सेकंद लागतात ते लिहून काढ. शीट खोटी भरली जाते त्यामागे बऱ्याचदा आळस नसतो, दिलेल्या वेळात ते सगळं मोजून होतच नाही. तो हिशेब घेऊन मॅनेजरकडे गेलीस, की तू आपल्या बाजूने भांडते आहेस हे लाईनला दिसेल आणि क्वालिटीही सुधारेल. तुझ्या जागी बाहेरून आलेल्या माणसाला हे कळायलाच सहा महिने लागले असते. अर्जात तुझं खरं बळ हेच आहे.

ज्येष्ठ सहकाऱ्यांशी अर्ज देण्याआधी बोल. "काका, मी पण अर्ज करतेय, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं" एवढं पुरे. परवानगी मागू नकोस, माघार घेऊ का असंही विचारू नकोस. जागा तुला मिळाली, तर पहिल्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडे जा आणि नव्या ट्रेनींना शिकवण्याचं काम अधिकृतपणे त्यांच्या नावावर कर, स्किल मॅट्रिक्सवर (कोणाला कोणतं काम येतं त्या तक्त्यावर) तशी नोंद कर आणि त्या वेळेचं टार्गेट त्यांना माफ कर. त्यांचा मान राखला गेला हे फक्त गोड बोलण्याने पटणार नाही. तरीही ते काही महिने तुला टाळून थेट मॅनेजरकडे जातील, वयाने मोठे पुरुष तर नक्की जातील. म्हणून जागा स्वीकारण्याआधी मॅनेजरला विचार: माझ्या लाईनचा माणूस रजेसाठी तुमच्याकडे आला तर तुम्ही त्याला माझ्याकडे परत पाठवाल का? या प्रश्नाला मॅनेजर आढेवेढे घेऊ लागले, तर ती जागा नुसती नावाची आहे असं समज. माझ्या लेखी हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

मुलाखतीबद्दल थोडं. "मी सगळ्यांत जास्त पीस तपासते" यावर भर देऊ नकोस. अमेरिकेत विक्री विभागातल्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपन्या सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती देतात, पण तेच लोक साहेब म्हणून कमी पडतात, असं त्यात दिसलं. इतरांबरोबर मिळून काम केलेले लोक जास्त चांगले निघाले. तेव्हा तू कोणाला शिकवलंस, कोणाचं रिजेक्शन कसं कमी झालं, सुपरवायझर रजेवर असताना लाईन कशी चालवलीस, हे आकड्यांसह सांग. ती संधी मिळाली नसेल तर मुलाखतीआधी एक-दोन दिवसांचा चार्ज मागून घे. "तुझी मैत्रीण रोज उशिरा आली तर?" हा प्रश्न येणारच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरना टीडब्ल्यूआय नावाचं प्रशिक्षण देत. पुढे ते जपानमध्ये गेलं आणि टोयोटाने उचललं. माणसांचे प्रश्न हाताळण्याच्या त्यात चार पायऱ्या आहेत: आधी सगळी माहिती घ्या, मग तोलून ठरवा, मग कृती करा आणि शेवटी परिणाम तपासा. उत्तर याच क्रमाने दे. उशीर का होतो हे मी आधी तिला एकटीला विचारेन, कंपनीची बस चुकते की घरी कोणी आजारी आहे ते पाहीन, नियम सांगेन, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा हजेरी बघेन. मैत्रिणीला वेगळा नियम लावणार नाही, हे वाक्य त्यात असू दे. आणि मुलाखतीत कोणाही सहकाऱ्याची उणीदुणी काढू नकोस, विचारलं तरी. कंपनीतल्या भिंतींना कान असतात आणि उद्या त्याच माणसांबरोबर उभं राहायचं आहे.

आता पुन्हा तुमच्याशी. जागा त्या ज्येष्ठ गृहस्थांना मिळाली, तर मुलीने कोणाहीआधी जाऊन त्यांचं अभिनंदन करावं, आणि आठवड्याभरात मॅनेजरला विचारावं की मी कशात कमी पडले आणि पुढच्या वेळेसाठी काय शिकू. उत्तर नेमकं मिळालं तर थांबण्यात अर्थ आहे. "पुढे बघू" एवढंच ऐकू आलं, तर बायोडेटा अद्ययावत करायला हरकत नाही. रांजणगाव आणि तळेगावलाही इन्स्पेक्शनची माणसं लागतातच. मात्र रागाच्या भरात राजीनामा नको.

अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, म्हणजे घाई नाही. या आठवड्यात तिने एचआरकडून स्टाफच्या पगाराचा तपशील आणि मेडिक्लेमचं पत्रक मागून घ्यावं, आणि येत्या सुट्टीच्या दिवशी त्या काकांना भेटावं. पगाराचे आकडे हातात आले की मला कळवा. ओटी आणि ईएसआय धरून किती ग्रॉस मागायचा ते आपण मिळून काढू.

आपली,
करिअर समुपदेशक